महाबळेश्वरला थंडी आहे, बांबूही आहे. मग रेड पांडा का नाही?

आपण सांगलीहून विचारले आहे की, मे महिन्यात मुलीला घेऊन दार्जिलिंगला जाणार आहोत, तिथे जंगलात रेड पांडा दिसेल का. आणि त्याला जोडून असेही की, हा प्राणी जर नुसता बांबूचा पाला खाऊन दिवसभर झोपत असेल, तर शिराळ्याकडे आपल्या बांधावर कळकाची बेटे माजली आहेत, महाबळेश्वरला थंडी आहे, चांदोलीला राखीव जंगल आहे, मग तो इकडे आणून का वाढवता येऊ नये. मुलीने पिल्लू पाळायचा हट्ट धरला आहे, हेही आपण शेवटी लिहिले आहे.

मी व्यवसायाने पशुवैद्यक असून सध्या साताऱ्यात जनावरांचा दवाखाना चालवतो. त्याआधीची काही वर्षे दार्जिलिंगजवळच्या सिंगालीलाच्या डोंगररांगेत रेड पांडाच्या पाहणीच्या कामात आणि पुढे बंदिवासातल्या काही जनावरांच्या देखभालीत गेली. त्या अनुभवावरून सांगतो की आपले तिन्ही प्रश्न एकाच गाठीत अडकलेले आहेत आणि ती गाठ म्हणजे या प्राण्याचे पोट. थंडी आणि बांबू या दोन गोष्टी डोळ्यांना दिसतात म्हणून आपण त्या धरून बसतो; पण हा प्राणी असा का जगतो, हे त्याच्या पोटात शिरल्याशिवाय कळत नाही.

आधी नावाचा घोळ मिटवतो, कारण तो प्रत्येक वेळी आडवा येतो. रेड पांडा हा काळ्या-पांढऱ्या मोठ्या पांडाचा धाकटा भाऊ नव्हे. मोठा पांडा हे अस्वल आहे. रेड पांडा स्वतःच्या कुळात आज एकटाच उरला आहे आणि त्याचे दूरचे नातलग पाहायचे तर ते मुंगूस-मांजरांत नव्हे, तर वीझल, रॅकून आणि स्कंक यांच्या गोतावळ्यात सापडतात. ‘पांडा’ हे नावही मुळात याचेच. फ्रेडरिक क्यूव्हिए यांनी १८२५ मध्ये याचे शास्त्रीय वर्णन केले. मोठा पांडा पाश्चात्त्य शास्त्रज्ञांना कळला तो १८६९ मध्ये. तरी आज ‘पांडा’ म्हटले की थोरल्याचेच चित्र डोळ्यांपुढे येते, त्याला इलाज नाही. सिंगालीलाच्या आसपासचे नेपाळीभाषक लोक याला ‘हाब्रे’ म्हणतात.

आता पोटाकडे येऊ. आपल्या गोठ्यात गाय असेल तर समजायला सोपे जाईल. गाय कडबा खाते तेव्हा तो कडबा ती स्वतः पचवत नाही. पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात जे सूक्ष्मजीव असतात ते तो कुजवतात, गाय पुन्हा तोंडात आणून रवंथ करते, आणि हा सगळा कारभार दिवस-दीड दिवस निवांत चालतो, म्हणूनच वाळक्या वैरणीतून दूध निघते. घोड्याला असा कप्पा नाही, पण त्याच्याकडे मागच्या बाजूला भलेमोठे आंधळे आतडे आहे, तिथे तेच काम होते. रेड पांडाकडे यातले काहीच नाही. त्याचे जठर साधे, एका कप्प्याचे, आतडे आखूड, आंधळे आतडे मुळातच नाही. थोडक्यात, आतून तो मांसाहारी प्राणी आहे आणि शास्त्रज्ञही त्याला मांसभक्षक गणातच धरतात. अशा पोटाने तो आयुष्यभर बांबूचा पाला खातो. खाल्लेला पाला दोन ते चार तासांत बाहेर पडतो आणि त्यातला जेमतेम चतुर्थांश ते तृतीयांश भाग अंगी लागतो. कोवळे कोंब असतील तर काहीसा जास्त.

हे मी कागदावरून सांगत नाही. त्याची लेंडी हातात घेऊन फोडली की सगळे समोर दिसते. दोन्ही टोकांना निमुळती, ताजी असताना हिरवीगार, आणि आत पानांचे कातरलेले तुकडे जवळजवळ जसेच्या तसे. मांसभक्षकाच्या विष्ठेला जो उग्र दर्प असतो तो तिला नसतो. ओल्या गवताच्या पेंढीत नाक खुपसल्यासारखा वास येतो. आमच्याकडे म्हशीच्या शेणात अख्खे दाणे दिसायला लागले की आम्ही भरडा बारीक करा म्हणून सांगतो. या प्राण्याचे तर रोजचेच तसे आहे.

मिळकत इतकी तुटपुंजी असली की दोनच मार्ग उरतात, पुष्कळ खाणे आणि खर्च कमी करणे, आणि रेड पांडा दोन्ही करतो. साधारण तीन ते सहा किलो वजनाचे हे जनावर, म्हणजे चांगल्या पोसलेल्या बोक्यापेक्षा फार मोठे नाही, ते दिवसाला किलो-दीड किलो पाला संपवते. पण तो ओरबाडून खात नाही. मोठा पांडा बांबूची खोडेसुद्धा करकरा फोडून खातो. हा बसतो, पंजाने फांदी वाकवून तोंडाशी आणतो, कोवळी पाने देठाशी एकेक करून तोडतो, तोंडाच्या कडेला सरकवतो आणि रुंद दाढांनी सावकाश बारीक चावतो. पोट जे करू शकत नाही त्यातले थोडे तो दाढांकडून करून घेतो. पावसाळ्यात कोंब फुटले की कोंब, शरद ऋतूत जंगली फळे पिकली की फळे, अधूनमधून अळंबी किंवा अंडी. बाकी बारा महिने पाला.

फांदी पकडायला त्याच्या पंजात एक जादा ‘अंगठा’ असतो. तो खरा अंगठा नव्हे, मनगटातले एक छोटे हाड वाढून तो तयार झालेला आहे. मोठ्या पांडालाही तसाच असतो आणि म्हणून पूर्वी दोघांना सख्खे मानण्याचा मोह झाला होता. परंतु रेड पांडाच्या एका प्राचीन नातलगाचे जे अवशेष स्पेनमध्ये सापडले, त्यातही हे हाड वाढलेले होते आणि तो प्राणी तर बांबू खाणारा नव्हता. त्यावरून असे मानतात की याच्या घराण्यात हे हाड झाडावर चढण्यासाठी आले आणि बांबू धरायला पुढे कामी आले.

खर्च कमी करण्याची बाजू अधिक महत्त्वाची आहे, कारण आपला महाबळेश्वरचा प्रश्न तिथेच सुटतो. याच्या शरीराची विश्रांतीतली चूल फार मंद असते. त्याच्या आकाराच्या इतर प्राण्यांच्या मानाने ऊर्जा कमी जळते. ती मंद चूल थंडीत पुरावी म्हणून अंगावर दाट दुहेरी लोकर असते, तळपायसुद्धा केसांनी झाकलेले असतात, आणि झोपताना तो झुबकेदार शेपटी तोंडावर ओढून घेतो. दिवसातला निम्म्याहून अधिक वेळ तो झोपेत किंवा विश्रांतीत घालवतो. पहाटे आणि संध्याकाळी थोडा हिंडतो, खातो, पुन्हा फांदीवर जाऊन पडतो. व्हिडिओ पाहणाऱ्याला हा आळस वाटतो. माझ्या मते ती काटकसर आहे, कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात असते तशी.

आता अशी लोकर अंगावरून काढून ठेवता येत नाही. २५ अंश सेल्सियसच्या वर तापमान गेले की या प्राण्याला त्रास सुरू होतो. बंदिवासातल्या जनावरांची जबाबदारी नव्याने माझ्याकडे आली तेव्हा एक नर फांदीवर पोट टेकून, चारही पाय खाली लोंबकळत सोडून तासन्‌तास पडलेला असायचा. मला वाटले, गडी मजेत आहे. मी त्याचा फोटोही काढला. दोन दिवसांनी त्याने पाला निम्मा टाकला तेव्हा माझ्या लक्षात आले की ज्या फांदीवर तो पडत होता तिथे दुपारचे ऊन थेट येत होते आणि तो अंगातली उष्णता बाहेर टाकण्यासाठी असा पसरत होता. थंडी असली की तो गुंडाळी करतो, उकडले की पाय सोडतो. तेव्हापासून मी थर्मामीटरच्या आधी त्याची झोपण्याची तऱ्हा पाहू लागलो. सावली केली, पाण्याचे फवारे सुरू केले, आणि पाला पुन्हा संपू लागला.

महाबळेश्वरची थंडी आपल्याला थंडी वाटते कारण आपण सांगलीच्या उन्हातून वर जातो. पण ते ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटरवर आहे आणि एप्रिल-मेमध्ये तिथेही पारा तिशीच्या वर जातो. रेड पांडा राहतो तो साधारण २,२०० मीटरच्या वर, तोही पूर्व हिमालयाच्या आणि त्याला लागून असलेल्या चीनच्या डोंगरांत: नेपाळ, सिक्कीम, दार्जिलिंग-कालिंपोंगचा उंच भाग, भूतान, अरुणाचल, उत्तर म्यानमार, आणि तिबेट, युनान, सिचुआन. संपूर्ण सह्याद्रीत, कळसूबाई धरूनसुद्धा, एवढ्या उंचीचा एकही माथा महाराष्ट्रात नाही. म्हणजे पहिल्या पायरीवरच गाडी थांबते.

समजा उंचीचा प्रश्न नसता, तरी बांबूचा होता. आपल्या बांधावरचा कळक हा काटेरी, जाड बुंध्याचा, वीस-वीस मीटर उंच जाणारा बांबू. त्याची पाने शेंड्याकडे आणि तीही उन्हाळ्यात करपलेली. सिंगालीलात ज्याला मालिंगो म्हणतात तो बांबू बोटाच्या जाडीचा, डोक्याएवढ्या किंवा थोड्या जास्त उंचीचा असतो आणि तो उघड्यावर नव्हे, तर ओक, गुरांस (म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन) आणि वरच्या पट्ट्यात फर नावाची सूचिपर्णी झाडे यांच्या सावलीत, गच्च दाटीने वाढतो. तिथे वर्षातला बराच काळ धुके आहे, झाडांच्या अंगावर शेवाळ लोंबते आहे, पाने कधी पूर्ण वाळत नाहीत. रेड पांडा जमिनीवरून उडी मारून पाला तोडत नाही. तो पडलेल्या ओंडक्यावर, बुंध्यावर, खालच्या फांदीवर चढतो आणि तिथून तोंडाच्या उंचीवर आलेली पाने खातो. म्हणून ज्या जंगलातून पडलेले लाकूड सरपणाला उचलून नेले आहे तिथे बांबू शाबूत असूनही हा प्राणी मिळत नाही, असे आम्ही पाहिले आहे. विश्रांतीला मोठी झाडे हवीत, विणीला पोकळ बुंधे किंवा खडकातल्या कपारी हव्यात, जवळ पाणी हवे. आपल्याकडे पावसाळ्यात कोयनेच्या खोऱ्यात चार महिने असे काहीसे वातावरण असते खरे. पण त्यानंतरचे आठ महिने मोजावे लागतात.

बांबूची आणखी एक खोड आपल्याला ठाऊक असेल. कासच्या परिसरात कारवी जशी सात-आठ वर्षांनी एकदम फुलते आणि मग वाळून जाते, तसेच बांबूचेही होते. फक्त काळ फार लांबचा असतो. एका डोंगरावरचा बांबू एकदम फुलून मेला तर रेड पांडाला दुसऱ्या डोंगरावर सरकावे लागते. मधले जंगल तुटलेले असेल, मध्ये रस्ता, वस्ती आणि मोकळी कुत्री असतील, तर तो सरकणार कुठून? चांदोलीसारख्या जागी दोन-चार जनावरे आणून सोडणे म्हणजे त्यांना सरकायला जागा नसलेल्या बेटावर सोडणे आहे. शिवाय चांदोलीला राखावे असे आपले स्वतःचे पुष्कळ आहे. झाडावर राहणारा, तांबूस, झुबकेदार शेपटीचा प्राणीच पाहायचा असेल तर शेकरू तिथे आहेच, आणि तो आपला राज्यप्राणी आहे.

इथवरचे एका दमात सांगायचे तर असे: पोट मांसभक्षकाचे, खाणे पाल्याचे, म्हणून मिळकत थोडी, मिळकत थोडी म्हणून चूल मंद, चूल मंद म्हणून लोकर जाड, लोकर जाड म्हणून उन्हाळा सोसत नाही. यातला एक दुवाही महाबळेश्वरला जुळत नाही.

पिल्लाबद्दल आपण मुलीला काय सांगावे, हे मी ठरवू शकत नाही, पण कायद्याची बाजू स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत हा प्राणी आहे. तो पकडणे, विकणे, घरात ठेवणे हा गुन्हा आहे आणि इंटरनेटवर कोणी पिल्लू मिळवून देतो म्हणत असेल तर त्याच्या नादी लागू नये. जगात प्रौढ रेड पांडा १०,००० पेक्षा कमी उरले असावेत असा अंदाज असून, २०१५ पासून तो धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत ‘संकटग्रस्त’ गटात आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी पशुवैद्यक म्हणून माझे दोन आक्षेप आहेत. पहिला विणीचा. मादी वर्षातून एकदाच, जानेवारी ते मार्चच्या दरम्यान माजावर येते आणि तोही दिवस-दोन दिवसांचाच मामला असतो. गर्भ राहिला तरी तो लगेच गर्भाशयाला चिकटेल असे नाही. काही काळ तो तसाच थांबून राहतो, त्यामुळे गाभणकाळ कधी पावणेचार महिने तर कधी पाच महिने भरतो. गाईच्या रेतनाची तारीख लिहून ठेवून विण्याचा दिवस सांगणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला याने पुरते गोंधळात टाकले होते. जून-जुलैच्या सुमारास बहुधा दोन पिल्ले होतात, प्रत्येकी शंभर-सव्वाशे ग्रॅमची, डोळे मिटलेली. डोळे उघडायला अडीच आठवडे, ढोलीबाहेर पडायला तीन महिने. या काळात आईला पिल्लांसाठी दूध याच पाल्यातून काढायचे असते, त्यामुळे तिचे खाणे दुपटी-तिपटीने वाढते. आणि कोणी ढोलीत डोकावले तर ती पिल्ले तोंडात धरून एका ढोलीतून दुसऱ्या ढोलीत हलवत राहते. हलवाहलव फार झाली की पिल्ले दगावतात. अशा आईपासून पिल्लू तोडून आणणे म्हणजे काय, हे गोठ्यात वासरू पाहिलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

दुसरा आक्षेप कुत्र्यांचा. आपल्या गावोगावच्या कुत्र्यांमध्ये डिस्टेंपर हा रोग नेहमी आढळतो. कुत्रा त्यातून कधीकधी वाचतो, रेड पांडा सहसा वाचत नाही. त्याची या विषाणूपुढे इतकी शरणागती आहे की, कुत्र्याला सर्रास दिली जाणारी, जिवंत पण क्षीण केलेल्या विषाणूची लस दिल्यावर त्या लसीनेच रेड पांडांना रोग झाल्याची उदाहरणे पशुवैद्यकात नोंदलेली आहेत. सिंगालीलाच्या वाटेवर मेंढपाळांची आणि चहाच्या टपऱ्यांवरची कुत्री मोकळी फिरतात. बिबळ्या आणि पिवळ्या गळ्याचा मार्टेन (वीझलच्याच कुळातला एक चपळ शिकारी) हे त्याचे जुने वैरी. पण कुत्रा चावून मारतो, आणि चावला नाही तरी रोग मागे ठेवून जातो. म्हणून आपण पर्यटक म्हणून गेलात तर वाटेत मागे लागलेल्या कुत्र्याला बिस्किटे घालून जंगलात बरोबर नेऊ नका, एवढी माझी आग्रहाची विनंती आहे.

उरला दिसण्याचा प्रश्न, आणि इथे मला हात राखून बोलावे लागेल, कारण ते हवामानावर, दिवसांवर आणि नशिबावर अवलंबून आहे. खात्रीने पाहायचा असेल तर दार्जिलिंग शहरातले पद्मजा नायडू हिमालयीन प्राणी उद्यान आहे. ते गुरुवारी बंद असते, तेवढे दिवस जुळवताना लक्षात ठेवा. मुलीसाठी मी तरी तिथेच आधी जाईन. या उद्यानाने रेड पांडांची पैदास अनेक वर्षे केली असून २००३ मध्ये तिथल्या दोन माद्या सिंगालीलाच्या जंगलात सोडल्या होत्या. सकाळी फाटक उघडताच जा. दुपारी गेलात तर फांदीवरचा एक तांबडा गोळा पाहून परत याल.

जंगलात पाहायचा असेल तर मानेभंज्यांगहून सांदकफूकडे जाणारी वाट धरा आणि गैरीबास ते कालीपोखरीच्या पट्ट्यात निदान दोन-तीन मुक्काम ठेवा. मे चालेल, १६ जून ते १५ सप्टेंबर सिंगालीला राष्ट्रीय उद्यान बंद असते. स्थानिक वाटाड्या घेतल्याशिवाय काही हाती लागणार नाही. माझा पहिला हंगाम मी तांबडा रंग शोधण्यात घालवला आणि मला काहीही दिसले नाही, कारण तिथल्या फरच्या फांद्यांवर तांबूस शेवाळाचे आणि पांढऱ्या दगडफुलाचे गुच्छ लोंबत असतात आणि त्यात तो बेमालूम मिसळतो. खालून पाहावे तर त्याचे पोट काळे, म्हणजे सावलीच. आमच्याबरोबरचे वाटाडे दाजू (नेपाळीत दाजू म्हणजे थोरला भाऊ) वर पाहतच नसत. ते खाली पाहत चालायचे.

एके सकाळी त्यांनी एका आडव्या पडलेल्या, शेवाळलेल्या ओंडक्यापाशी मला थांबवले. ओंडक्यावर लेंड्यांचा ढीग होता. हे प्राणी एकाच जागी पुन्हा पुन्हा येऊन विष्ठा टाकतात, तीच त्यांची एकमेकांसाठी ठेवलेली खूण. खालच्या लेंड्या तपकिरी होऊन विस्कटल्या होत्या, वरच्या चार-पाच हिरव्या आणि ओलसर. दाजूंनी एक उचलली, चिमटीत दाबली, आणि तिथेच बसून राहिले. मीही बसलो. धुके दोनदा आले आणि गेले. सुमारे पाऊण तासाने समोरच्या गुरांसाच्या बुंध्यावरून एक जण डोके खाली करून, मागचे पाय उलटे वळवून बुंधा धरत, सरळ उतरत आला, ओंडक्यावर थांबला, आमच्या दिशेने नाक वर करून हवा हुंगली, आणि मालिंगोची एक फांदी पंजाने ओढून खायला लागला. त्या धुक्यात मला सगळ्यात स्पष्ट आठवतो तो पान देठाशी तुटण्याचा बारीक आवाज. तेव्हा मुलीला आधीच सांगून ठेवा की तिथे बसल्यावर चिप्सचे पाकीट उघडायचे नाही.